लहान बेटाने पर्यटक कसे आणावेत: बोट, जुनी आगगाडी आणि मुक्कामाचा हिशेब

लहान बेटावर कोणी जाता जाता थांबत नाही. मुख्य भूमीवरच्या गावाला हमरस्त्यावरचा प्रवासी आयता मिळतो. बेटावर येणाऱ्याला मात्र आधी बोटीचे किंवा विमानाचे तिकीट काढावे लागते, समुद्र शांत असेल की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो आणि परतीची वेळ मनात ठेवूनच पाऊल टाकावे लागते. एवढा खटाटोप करून आलेला माणूस चार तासांत परत गेला, तर त्याच्या खर्चाचा मोठा भाग बोटवाल्याकडे जातो आणि बेटाच्या वाट्याला येतो तो कचरा आणि धक्क्यावरची दाटी. म्हणून बेटाच्या पर्यटन समितीने पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवून टाकावी: यश मोजायचे ते उतरलेल्या माणसांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांनी काढलेल्या रात्रींवर. पुढे सांगितलेले जवळजवळ सारे, जुन्या रेल्वेसकट, या एका निर्णयातून निघते.

आधी मोजदाद

कामाची सुरुवात जाहिरातीने करू नये, मोजदादीने करावी. बेटावर एका रात्री किती खाटा उपलब्ध आहेत, हंगामात दिवसाला बोटींत किती जागा असतात, सर्वांत कोरड्या महिन्यात पिण्याचे पाणी किती माणसांना पुरते आणि सांडपाण्याची व्यवस्था किती लोकांचा भार सोसू शकते, हे चार आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहावेत. त्यांतला सर्वांत लहान आकडा हाच बेटाचा खरा आवाका होय. बहुतेक ठिकाणी हा आकडा खाटांचा निघेल अशी समजूत असते, पण पुष्कळदा तो पाण्याचा किंवा सांडपाण्याचा निघतो, आणि तसे असेल तर नवी हॉटेले बांधण्याची चर्चा तिथेच थांबवून आधी नळ आणि गटारे पाहावीत. फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावर हा क्रम उलटा झाला. सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागल्यामुळे एप्रिल २०१८ पासून सहा महिने ते बेट पर्यटकांसाठी पूर्ण बंद ठेवावे लागले. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटाचे आहे. तिथे एका वेळी ४०० पेक्षा अधिक पर्यटकांना राहता येत नाही आणि ही मर्यादाच त्या बेटाची ओळख होऊन बसली आहे.

दुसरी मोजदाद बेटावर काय आहे याची. इथे कसोटी सोपी आहे: जी गोष्ट बोटीत घालून दुसऱ्या किनाऱ्यावर नेता येते, ती आकर्षण म्हणून मोजू नये. वाळूचा किनारा जगात हजारो ठिकाणी आहे आणि पाणघसरगुंडी कुठेही उभारता येते. मात्र बेटाची बोली, तिथल्या जुन्या खाणी, दीपस्तंभ, तटबंद्या, पक्ष्यांची वीण होणारे कडे, ओसाड पडलेली घरे आणि त्या सर्वांभोवतीच्या दंतकथा यांची नक्कल होत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन बेटाच्या स्नेफेल शिखरावरून सहा राज्ये दिसतात असे तिथले लोक सांगतात: मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि सहावे स्वर्गाचे. अशा एका वाक्याने धुक्याच्या दिवशीही माणूस ६२१ मीटर उंची चढायला तयार होतो. ही यादी करताना गावातल्या वयस्कर मंडळींना बोलावून बसवावे. बाहेरून आणलेल्या सल्लागाराला ती माहिती मिळायला वर्ष लागेल आणि तरीही त्यातले निम्मे निसटेल.

जुनी रेल्वे: असेल तर, आणि असली तरच

लहान बेटाला रेल्वेचे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. पण अनेक बेटांवर एकेकाळी रूळ होते, कारण ऊस, दगड, खनिज किंवा सुटीला येणारे लोक बंदरापर्यंत न्यायचे होते. त्यांतल्या काही गाड्या आज त्या बेटांचे मुख्य आकर्षण आहेत, आणि त्यांची गोष्ट नीट पाहिली तर लक्षात येते की त्या कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर बऱ्याच अंशी हलाखीमुळे वाचल्या.

आयल ऑफ मॅन हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ५७२ चौरस किलोमीटरच्या या बेटावर १ जुलै १८७३ रोजी राजधानी डग्लस ते पील ही पहिली आगगाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी पोर्ट एरिनचा मार्ग झाला, १८७६ मध्ये डग्लसच्या समुद्रकिनाऱ्यावर घोड्यांची ट्राम आली, १८९३ पासून विजेची ट्राम टप्प्याटप्प्याने रॅम्सीपर्यंत पोहोचली आणि १८९५ मध्ये स्नेफेलवर चढणारी गाडी धावू लागली. पहिल्या महायुद्धाआधी वर्षाला सहा लाखांहून अधिक पर्यटक तिथे येत. पुढे स्वस्त विमानप्रवासाने लोकांना भूमध्य समुद्राच्या उन्हात नेले आणि बेटाजवळ नवी गाडी घेण्याइतके पैसे उरले नाहीत. जे होते तेच वापरत राहण्यावाचून पर्याय नव्हता. १९६८ च्या हंगामानंतर पील आणि रॅम्सी या दोन वाफेच्या आगगाडीच्या मार्गांवरची वाहतूक बंद झाली, पोर्ट एरिनचा मार्ग कसाबसा तगला आणि पुढे सरकारने तो ताब्यात घेतला. आज १८९३ च्या ट्रामगाड्या आपल्या मूळ मार्गावर अजून धावतात, आणि त्याच पाहायला लोक समुद्र ओलांडून येतात.

यातून घ्यायचा धडा असा की जुनी रेल्वे विकत आणता येत नाही. ज्या बेटावर कधीच रूळ नव्हते, तिथे वाफेचे इंजिन आणून ठेवले तर ते जत्रेतल्या पाळण्यासारखे होते: मुले एकदा बसतात आणि विसरतात. त्याहून वाईट म्हणजे रबरी टायरच्या ट्रॅक्टरला इंजिनाचा मुखवटा चढवून किनाऱ्यावरून फिरवणे. ज्या समितीला हा मोह होईल, तिने त्या पैशांत चांगल्या पाऊलवाटा कराव्यात. पण जिथे जुना रुळमार्ग, एखादे पडके स्थानक, शेतात गोठा म्हणून वापरलेला डबा किंवा निदान मार्गाची भराव घातलेली जमीन शिल्लक आहे, तिथे पुढील क्रमाने जावे.

सर्वांत आधी जमीन सुरक्षित करावी. रूळ उखडले गेले तरी चालतात, पण मार्गाच्या पट्ट्यावर एक घर उभे राहिले की सगळे संपले. ताबडतोब गाडी चालवणे शक्य नसेल तर त्या पट्ट्यावर चालण्याची आणि सायकलची वाट करावी, जसे डग्लस ते पील या बंद मार्गाचे झाले. वाट वापरात राहते, जमीन सार्वजनिक राहते, आणि पुढच्या पिढीला रूळ टाकावेसे वाटले तर दार उघडे असते.

त्यानंतर डबे शोधावेत. इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते, पण प्रवासी बसतो डब्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आयल ऑफ वाइट बेटाच्या वाफेच्या रेल्वेने हे फार चांगले ओळखले. त्या बेटावर जुन्या डब्यांचे लाकडी सांगाडे शेतातल्या खोपी आणि सुटीतली घरे म्हणून वापरात होते. स्वयंसेवकांनी ते गोळा केले, इतर जुन्या डब्यांच्या चौकटींवर बसवले आणि इतके बारकाईने दुरुस्त केले की १८९१ च्या ‘कॅलबर्न’ इंजिनामागे त्याच काळाची गाडी जोडता येते. असा डबा दुरुस्त करायला वर्षे लागतात, मात्र ते काम पाहणे हेदेखील आकर्षण असते. कार्यशाळेला मोठी काच बसवावी आणि पावसाच्या दिवशी प्रवाशांना तिथे वळवावे.

मार्ग किती लांब असावा, याचे उत्तर बेटाच्या माणसांवर अवलंबून आहे, महत्त्वाकांक्षेवर नाही. इंग्लिश खाडीतले ऑल्डर्नी बेट जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे. तिथली रेल्वे १८४० च्या दशकात लाटांना अडवणाऱ्या बांधासाठी दगड वाहायला बांधली गेली. आज स्वयंसेवक तीन किलोमीटरच्या आसपासच्या मार्गावर हंगामात मोजक्या दिवशी गाडी चालवतात, तीही लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेल्या डब्यांची. सुमारे दोन हजार वस्तीच्या बेटाने याहून मोठा घास घेतला असता तर तो घशातच अडकला असता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे रेल्वेच्या बाबतीत शब्दशः खरे आहे, कारण रुळाच्या प्रत्येक किलोमीटरला रुळांखालचे स्लीपर, गटार, कुंपण आणि फाटक यांचा खर्च दरवर्षी येतो, गाडी धावो वा न धावो.

वाफेच्या इंजिनाचा खर्च समितीपुढे लपवून ठेवू नये. थंड इंजिन धावण्याजोगे होण्यास काही तास लागतात, म्हणजे सकाळी दहाच्या गाडीसाठी कोणीतरी पहाटेच विस्तव पेटवलेला असतो. पाण्याची वाफ करणारा बॉयलर नियमितपणे धुवावा लागतो, आणि ब्रिटनमध्ये रूढ पद्धत अशी की सुमारे दहा वर्षांनी तो चौकटीवरून उतरवून पूर्ण तपासावा लागतो. हा खर्च मोठा असतो आणि तो येणार हे आधीच ठाऊक असते. तेव्हा प्रत्येक तिकिटातला ठरावीक भाग त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्या खात्याला इतर कामासाठी हात लावण्याची मुभा अध्यक्षांनाही नसावी. बेटावर खारा वारा लोखंड खातो, कोळसा बोटीने आणावा लागतो, आणि ब्रिटनमध्ये योग्य प्रतीचा देशी कोळसा मिळेनासा झाल्यापासून तिथल्या वारसा रेल्वेंना तो बाहेरून आणावा लागतो. म्हणून रोज वाफेवर चालवण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातले काही दिवस डिझेल इंजिन जोडावे, पण ते वेळापत्रकात स्पष्ट छापावे. वाफेचे चित्र पाहून आलेल्या माणसाला फलाटावर डिझेल दिसले, तर तो घरी जाऊन तेच सांगतो.

माणसांचा प्रश्न पैशाहून अवघड आहे. इंजिनात कोळसा टाकणारे जुने फायरमन आणि फिटर निवृत्त होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हातांतले कसब जाते. स्वयंसेवकांच्या बळावर रेल्वे चालते हे वेल्समधल्या तालिथ्लिन रेल्वेने १९५१ पासून दाखवून दिले आहे, पण लहान बेटावर स्वयंसेवकांची संख्याच मर्यादित असते आणि तेच लोक अग्निशमन पथकात, बचाव बोटीवर आणि शाळेच्या समितीवरही असतात. यावर दोन उपाय एकत्र करावे लागतात. एक, बॉयलर आणि रूळ या दोन जबाबदाऱ्यांसाठी थोडी का होईना पगारी माणसे ठेवावीत, कारण सुरक्षितता उत्साहावर सोपवता येत नाही. दोन, बेटाबाहेरच्या रेल्वेप्रेमींना आठवडाभराच्या कामासाठी बोलावून स्थानकाशेजारी राहण्याची साधी सोय द्यावी. हे लोक सर्वांत निष्ठावान पर्यटक असतात; ते काम करायला येतात, पावसाची तक्रार करत नाहीत आणि पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतात.

गाडी कोणत्या वेळी सुटावी

माझ्या मते वारसा रेल्वेचे भवितव्य इंजिनापेक्षा वेळापत्रक ठरवते. गाडी दुपारी बंदरापासून निघाली, तासाभरात तिथेच परत आली आणि संध्याकाळच्या बोटीला प्रवासी पोहोचले, तर ती रेल्वे लोकांना बेटावरून लवकर घालवण्याचेच काम करते. याउलट सकाळची पहिली गाडी अशी सुटावी की ती आदल्या रात्री मुक्काम केलेल्यालाच सापडेल, आणि शेवटची गाडी दूरच्या गावाहून जेवणानंतर निघावी. दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर परतीच्या गाडीआधी निदान दोन तास मिळावेत, म्हणजे तिथल्या खाणावळीला गिऱ्हाईक मिळते. सारी कमाई बंदराच्या गावात साचणे हा बहुतेक बेटांचा रोग असून रेल्वे हे त्यावरचे फार चांगले औषध आहे.

बोट आणि गाडी यांची वेळ जुळणे अत्यावश्यक आहे. जर्मनीच्या वांगेरोगे या मोटारमुक्त बेटावर भरती-ओहोटीनुसार बोटीची वेळ रोज बदलते आणि बंदरापासून गावापर्यंत नेणारी छोटी रेल्वे बोटीबरोबरच आपली वेळ बदलते. प्रवाशाच्या दृष्टीने तो एकच प्रवास आहे. अशी व्यवस्था करण्यासाठी लागतो तो केवळ एक दूरध्वनी आणि बोट उशिरा आली तर गाडी थांबवण्याचा अधिकार असलेला एक स्टेशनमास्तर. तरीही ती अनेक ठिकाणी होत नाही, कारण बोट एका खात्याची आणि रेल्वे दुसऱ्याची असते.

मधली स्थानके जिवंत ठेवावीत. प्रत्येक स्थानकावर उतरण्याचे एक स्वतंत्र कारण हवे: इथून किल्ला, इथून कड्यावरची पाऊलवाट, इथून ओढ्याकाठची गिरणी. आयल ऑफ मॅनमध्ये लॅक्सी या गावी विजेची ट्राम आणि स्नेफेलची गाडी भेटतात, आणि तिथून थोड्या चालण्याच्या अंतरावर १८५४ चे २२ मीटर व्यासाचे प्रचंड पाणचक्र आहे. त्यामुळे गाडी बदलणे हा वैताग न होता अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो. रेल्वेने जावे आणि चालत किंवा बसने परत यावे, अशा जोडसहलींचे नकाशे छापावेत. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर १९१२ पासून ऊस वाहण्यासाठी टाकलेल्या रुळांवर पर्यटकांची गाडी सुमारे ३० किलोमीटर धावते आणि बेटाचा उरलेला फेरा बसने पूर्ण होतो. ती गाडी २००३ मध्ये सुरू झाली आणि साखर उद्योग २००५ मध्ये बंद पडला. आणखी दोन वर्षे वाट पाहिली असती तर कदाचित रूळ भंगारात गेले असते.

तिकिटाचे म्हणाल तर एकेका फेरीच्या तिकिटापेक्षा तीन, पाच आणि सात दिवसांचा पास पुढे करावा, त्यात रेल्वे, बस आणि वारसास्थळे सर्व यावीत, आणि एका दिवसाच्या तुलनेत तीन दिवसांचा पास ठळकपणे स्वस्त पडावा. बेटावरच्या रहिवाशांना मात्र नाममात्र दरात प्रवास द्यावा. अंदाजपत्रकाच्या दिवशी रेल्वेचा तोटा विचारला जाईल, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे हेच लोक असतील. २०१६ मध्ये डग्लसच्या नगरपालिकेने तोट्याचे कारण देऊन घोड्यांची ट्राम बंद करण्याचे ठरवले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि बेटाच्या सरकारने ती चालवायला घेतली. रहिवाशांना ती आपली वाटत होती म्हणून हे घडले.

हंगामाची लांबी

भर उन्हाळ्यात आणखी माणसे कोंबण्यात अर्थ नसतो. खाटा तेव्हा भरलेल्याच असतात. प्रयत्न करायचा तो हंगामाच्या दोन्ही कडांना. पक्षी पाहणारे, चालणारे, आकाश पाहणारे आणि भाषेच्या किंवा संगीताच्या शिबिराला येणारे लोक गर्दी टाळूनच येतात. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटावर मोटारी नाहीत आणि रस्त्यावरचे दिवेही नाहीत. २०११ मध्ये त्याला जगातले पहिले ‘काळोख्या आकाशाचे बेट’ म्हणून मान्यता मिळाली. एरवी उणीव म्हणून सांगितली गेली असती ती गोष्ट अशी मिरवता आली. एखादा मोठा वार्षिक सोहळा ठेवायचा असेल तर त्या आठवड्यापुरती हॉटेले बांधू नयेत. आयल ऑफ मॅनमध्ये १९०७ पासून चालत आलेल्या मोटारसायकल शर्यतींच्या काळात रहिवासी आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. पैसा घरोघरी पोहोचतो आणि उरलेले वर्षभर रिकाम्या इमारती पोसाव्या लागत नाहीत.

किती येऊ द्यावे

क्रूझ जहाजांबाबत सावध राहावे. एका सकाळी दोन-तीन हजार माणसे उतरवून संध्याकाळी परत नेणारे जहाज आकडेवारीत देखणे दिसते, पण मुक्कामाच्या रात्रींच्या रकान्यात त्याचे शून्य पडते. जहाजांना पूर्ण नकार देण्याची गरज नाही. दिवसाला एकच जहाज, आधी ठरलेल्या दिवशी, आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे बंदराचे शुल्क, एवढे नियम पुरेसे असतात. सेंट किट्सची गाडी तर मुख्यतः जहाजाच्या प्रवाशांवरच चालते. म्हणजे उपयोग करून घेता येतो, फक्त लगाम बेटाच्या हातात हवा.

मुक्काम वाढवावा हे मी वर ठामपणे म्हटले असले, तरी प्रत्येक बेटाला ते लागू पडत नाही. ब्राझीलच्या फर्नांदो दि नोरोन्या बेटावर पर्यावरण कर दिवसांवर आकारला जातो आणि मुक्काम लांबला की तो वाढत जातो, कारण तिथे पाणी आणि निसर्ग यांवरचा भार हीच मुख्य चिंता आहे. पहिल्या कागदावरचा सर्वांत लहान आकडा कोणता होता, त्यावर हे धोरण ठरवावे. पाहुण्यांना जबाबदारीत सहभागी करून घेण्याचे चांगले मार्गही आहेत. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०१७ पासून येणाऱ्याच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारून त्याखाली सही घ्यायला सुरुवात केली. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांनी एप्रिल २०१९ मध्ये काही स्थळे दुरुस्तीसाठी बंद ठेवली आणि शंभर स्वयंसेवकांना पाऊलवाटा दुरुस्त करायला बोलावले; त्या बातमीने जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी विकत घेणे लहान देशाला परवडले नसते.

जाहिरात सर्वांत शेवटी

वरची कामे मार्गी लागल्यावरच जाहिरात करावी. तिच्यात पावसाळी, ढगाळ दिवसाचेही चित्र असावे, कारण ऊन पाहण्यासाठी आलेला माणूस पावसात निराश होतो, तर धुके पाहण्यासाठी आलेला उन्हातही खूश असतो. बोट रद्द झाली तर काय करावे, रात्रीची खोली कोठे मिळेल, त्या दिवशी गाडी धावणार की नाही आणि कोणते इंजिन जोडणार, ही माहिती संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर असावी आणि ती रोज सकाळी सातच्या आत कोणीतरी नाव लावून ताजी करावी. रेल्वेवर, पक्ष्यांवर, दीपस्तंभांवर किंवा जुन्या खाणींवर लिहिणाऱ्या छोट्या नियतकालिकांना आणि मंडळांना निमंत्रण द्यावे. मोठ्या प्रवासी मासिकातल्या एका पानापेक्षा अशा वीस मंडळांच्या सहली अधिक रात्री भरतात.

हंगाम संपला की महिनाभरात समितीने वह्या घेऊन बसावे. मुक्कामाच्या रात्री किती झाल्या, शेवटच्या स्थानकाच्या गावात किती खर्च झाला, बॉयलरच्या खात्यात किती जमले, सर्वांत कोरड्या आठवड्यात पाण्याची टाकी किती खाली गेली आणि रेल्वेच्या शेडमध्ये नवे कोण शिकायला आले, हे पाच आकडे गतवर्षीच्या शेजारी मांडावेत. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक त्यानंतरच छापायला द्यावे.